रिकाम्या हाताने या

कोकरं मस्त फिरत होती. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. म्लादेनने अ‍ॅडलेडहून सळयांचा नवाकोरा संच मागवला होता. त्याला विजेची मोटर, मोटरला बटण. बटण दाबलं की सगळी कोकरं निखाऱ्यावर एका चालीत गोल गोल, जशी परेडला निघालीत. अंगणावर पांढराशुभ्र मांडव. टेबलं मांडलेली, टेबलांवर चादरी, चादरींवर काचेचे पेले. पाव होता, तांबडी वाइन होती, टबभर बर्फ होता. खाली खाडीत घरच्या विदुलिन कंपनीच्या बोटी धुऊनपुसून उभ्या होत्या.

माणसं तेवढी नव्हती.

बाराचं बोलावणं होतं आणि ऊन आता मांडवाच्या पलीकडे कलायला लागलं होतं. खुर्च्या रिकाम्याच होत्या. झोर्का उगाचच पेले पुसत होती. पुसलेलेच परत पुसत होती.

"येतील," तिचा नवरा म्हणाला. शिमूनने हे सकाळपासून इतक्यांदा म्हटलं होतं की आता कोकरंसुद्धा मान हलवत असतील. "रविवार आहे. चर्च सुटायला उशीर झाला असेल."

"चर्च सुटून फादर घरी जाऊन झोपला असेल," नोना पेरिना खुर्चीतून म्हणाली. वाढदिवस तिचाच. म्हातारी आज ऐंशीची झाली होती. अंगावर काळा रेशमी झगा, कानात सासूने दिलेली कर्णफुलं, आणि चेहरा असा की आता कुणाचा तरी कान पिरगाळणार. "शिमून, तुझ्या बापाच्या वेळी माणसं जेवणाच्या आधी दोन तास यायची. मी त्यांना हाकलायची, अरे आंघोळ तरी करू द्या मला."

"तेव्हाची गोष्ट वेगळी, आई."

"वेगळी कशी? तेव्हाही कोकरूच होतं."

शिमूनचा धाकटा भाऊ म्लादेन मोटरीजवळ वाकून तेलाचा थेंब सोडत होता. पन्नाशीचा गडी, पण यंत्र दिसलं की याचं वय उतरायचं. "बघ, नोना," तो म्हणाला. आईला तो लाडाने नोना, म्हणजे आजीच म्हणायचा, सगळी खाडी म्हणायची म्हणून. "आवाज ऐकू येतो का? नाही ना! जर्मन मोटर आहे."

"मला आवाजच ऐकायचा होता रे," म्हातारी म्हणाली. "केव्हची जुनी सळई कशी कुईकुई करायची. त्या कुईकुईवर गाणं धरायचे लोक."

तेव्हा कुठे झोर्काने हातातला पेला खाली ठेवला.

केव्हची सळई. केव्ह म्हणजे बोटयार्डवाला. पोर्ट लिंकनच्या निम्म्या बोटी पाण्याबाहेर ओढायच्या झाल्या की त्याच्या धक्क्यावर यायच्या. विदुलिनांकडे कोकरू लागलं की सळई केव्हच्या घरून यायची, त्याच्या आज्याने एका बोटीच्या दांड्यापासून ती केली होती. स्टॅव्ह्रो ग्रीक तारल्यांच्या टोपल्या घेऊन यायचा. त्याच्याच तारल्या खाऊन खाडीतल्या जाळीच्या पिंजऱ्यांत पाळलेले सगळे ट्यूना लठ्ठ व्हायचे, आणि सणाच्या दिवशी त्याच तारल्या माणसांना. आणि मांडव? मांडव झोर्काच्या माहेरचा. तिचा भाऊ तोंची आणि त्याची माणसं आपल्या जाळी शिवायच्या शेडमधून जुनं फाटकं ट्यूनाचं जाळं आणायची, अंगणावर ताणायची, वर मॅलीच्या झुडपांच्या फांद्या टाकायची. त्याखाली बसलं की अंगावर उन्हाची जाळी पडायची. झोर्काचं लग्न त्याच जाळीखाली लागलं होतं.

यंदा जाळं नव्हतं. यंदा भाड्याचा मांडव होता.

"म्लादेन," ती म्हणाली, "तू लोकांना निरोप काय पाठवलास?"

"फोनवर पाठवला ना सगळ्यांना. साधा सरळ."

"वाच."

म्लादेनने हात पॅंटला पुसले, फोन काढला आणि शाळेतल्या पोरासारखं वाचलं. "आमच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस. सगळ्यांनी सहकुटुंब या. काहीही आणू नका, सगळं आमच्याकडे आहे. रिकाम्या हाताने या." त्याने वर बघितलं. "काय? चांगलंच लिहिलंय की. लोकांना खर्चात कशाला पाडायचं?"

नोना पेरिनाने डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" शिमूनने विचारलं.

"तू सांग, निवेस," म्हातारी नातीला म्हणाली. "तू त्या अ‍ॅडलेडच्या कॉलेजात धंदा शिकून आलीस ना. सांग तुझ्या बापाला त्याच्या भावाने काय लिहिलंय ते."

निवेस पायरीवर बसून पावाचा तुकडा मोडत होती. शिमून आणि झोर्काची ही एकुलती एक. बापासारखी हट्टी आणि आजीसारखी तोंडाळ, म्हणजे दोन्हीकडून पक्की. गेले पंधरवडाभर ती आणि शिमून एका खोलीत आले की झोर्का उठून स्वयंपाकघरात जायची. कारण एकच होतं. म्लादेनच्या डोक्यातून निघालेला आणि शिमूनने उचलून धरलेला तो बेत. कंपनीने स्वतःची जाळ्यांची शेड काढायची. स्वतःचा बोटींचा धक्का बांधायचा. तारल्या पकडायला स्वतःच्या बोटी घ्यायच्या. कुणाच्या दारात जायला नको. आणि हे सगळ्यांना सांगायचं आज, जेवण झाल्यावर, पेले भरलेले असताना. शिमूनचं म्हणणं, पोट भरलेला माणूस कमी चिडतो.

झोर्काला त्याने बजावून ठेवलं होतं, तोंचीला यातलं काही कळता कामा नये.

"नोना, मी सांगितलं की बाबा म्हणतात मी पुस्तकातलं बोलते," निवेस म्हणाली.

"मग पुस्तकातलं बोलू नको. खाडीतलं बोल."

"बरं. खाडीत ट्यूनाचे पिंजरेवाले किती? आपण आणि बाकी पाच-सहा छोटे. आपण सगळ्यांत मोठे. तोंचीमामाच्या शेडचं निम्म्याहून जास्त काम आपलं. आपण ते काढून घेतलं की शेड बंद. शेड बंद झाली की छोट्यांची जाळी कोण शिवणार? ते गाशा गुंडाळणार. ते गेले की स्टॅव्ह्रोच्या तारल्या घ्यायला आपण एकटे."

"आपल्या बोटी असतील तारल्यांना," म्लादेन म्हणाला. "स्टॅव्ह्रो लागतो कशाला?"

"आणि समुद्रावर मासे हेरणारं विमान? त्याचं भाडं सगळे वाटून घेतात."

"विमानही घेऊ."

"बर्फाचा कारखाना?"

"तो तर घ्यायचाच आहे."

"मग चर्च राहिलं तेवढं," नोना म्हणाली. "तो बघ फादर येतोय. किंमत विचारून घे."

खरंच फादर जोबी चढ चढून येत होता. केरळचा माणूस. पोर्ट लिंकनला येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि दक्षिणेच्या वाऱ्याला अजून सरावला नव्हता, म्हणून उन्हातही स्वेटर. दोन्ही हात पुढे करून, तळवे उघडून तो मांडवात शिरला, जसं काही जादूगार दाखवतो की बघा, काही लपवलेलं नाही.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, नोना! बघा, मी काहीसुद्धा आणलं नाही. निरोपात अगदी स्पष्ट लिहिलं होतं."

"शाबास, फादर," नोना म्हणाली. "सबंध गावात तुम्ही एकटेच आज्ञाधारक निघालात. बसा."

फादरने इकडेतिकडे बघितलं. "बाकीचे अजून तिकडेच आहेत वाटतं?"

"तिकडे कुठे?" शिमूनने विचारलं.

"जाळ्यांच्या शेडमध्ये. मला वाटलं जेवण तिथेच आहे, म्हणून आधी तिकडे गेलो होतो. काय सुंदर गात होते! तारल्या भाजायला घेतलेल्या. मी बसणार होतो, पण तोंची म्हणाले, फादर, तुमचं पान वर टेकडीवर वाढलंय, इकडे आमचं हातातलं हातात चाललंय." फादर थांबला. पाळकांना माणसांचे चेहरे वाचायची सवय असते. "मी काही चुकीचं बोललो का?"

शिमून मांडवाच्या टोकाला गेला आणि खाली बघत राहिला. जाळ्यांच्या शेडचं गंजकं छप्पर धक्क्याच्या पलीकडे दिसत होतं. धूर दिसत होता. आणि वारा फिरला की गाण्याचे एकदोन सूर वर यायचे, परत पडायचे.

"माझ्या आईच्या वाढदिवसाला," तो दबक्या आवाजात म्हणाला, "माझ्या आईच्या वाढदिवसाला ते लोक खाली वेगळी चूल मांडतात! एवढी वर्षं आमच्या कामावर जगले आणि..."

"मी तर केवळ त्यांना त्रास नको म्हणून लिहिलं होतं," म्लादेन बिचारा रडवेला झाला. "एक ओळ लिहिली फक्त!"

"रिकाम्या हाताने माणूस बँकेत जातो," नोना म्हणाली. "नाहीतर पोलीस चौकीत. सातासमुद्रापलीकडच्या आपल्या बेटावरून बोटीने आलो तेव्हा घालायला धड जोडे नव्हते, पण शेजारच्या घरी जाताना हातात दोन कांदे असायचे. तू केव्हला सांगितलंस, तुझी सळई नको. तोंचीला सांगितलंस, तुझं जाळं नको. ते काय समजले असतील?"

"लिहिलंय त्याचा असा अर्थ काढायचा म्हणजे..."

"त्यांनी बरोबर अर्थ काढला," झोर्का म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. झोर्का कधी मध्ये पडायची नाही. माहेर आणि सासर एकाच धक्क्यावर असलं की बाई गप्प राहायला शिकते. पण आता तिचं तोंड उघडलं होतं आणि ते मिटायला तयार नव्हतं.

"ओळीचं काय घेऊन बसलात? ओळ खरीच होती. आज जेवणानंतर उठून तू हेच सांगणार होतास ना, शिमून? की तुमचं काही नको, सगळं आमच्याकडे आहे. म्लादेनने फक्त आधी लिहून टाकलं."

"म्हणजे तोंचीला ठाऊक आहे?" शिमून तिच्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "तू सांगितलंस?"

"एक अक्षर सांगितलं नाही. दर रविवारी मी भावाकडे कॉफीला जाते. बेत ठरल्यापासून गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटायची. त्यावरूनच कळलं असेल त्याला. मूर्ख नाही तो."

"झोर्का, मला का हौस आहे?" शिमूनचा आवाज चढला. "गेल्या हंगामात माझं मोठं जाळं त्याच्या शेडमध्ये पडून होतं! बोट धक्क्याला बांधून ठेवली मी, बाहेर मासा चाललाय, आणि हा स्टॅव्ह्रोचं लक्तर शिवत बसलाय. मी सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, आणि मी रांगेत मागे! दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं?"

ते खरंच होतं. ते जाळं अडकलं तेव्हा शिमून चार रात्री जागा होता हे झोर्काने पाहिलं होतं. तिला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. कंपनी सासऱ्यांनी एका बोटीवर काढली आणि याच्या हातात दिली तेव्हा ती खाडीएवढी झाली होती. बुडाली तर याच्या नावावर बुडणार.

"विचारलंस का त्याला? का ठेवलं म्हणून?" तिने विचारलं.

"फोन केला होता."

"तू?"

शिमून घुटमळला. "ऑफिसातून."

नोना पेरिना काठी टेकून उभी राहिली. फादर आधार द्यायला धावला, तर तिने त्याच्या हातात पावाची टोपली दिली. "म्लादेन, मोटर बंद कर. ट्रक इकडे घे. निवेस, वाइन उचल. फादर, तुम्ही रिकामे दिसताय, तेवढा पाव धरा."

"कुठे चाललो आपण?" म्लादेनने विचारलं.

"जेवायला. माझा वाढदिवस आहे, मला माणसं पाहिजेत. इथे कोकरं आहेत, माणसं तिथे आहेत. कोणती उचलून न्यायला सोपी?"

"आई, मी तिथे जायचं?" शिमून म्हणाला. "बोलावलं नसताना? नाक खाली घालून?"

"नाक कुठे घालायचं ते तू बघ. हातात मात्र कोकरू घे."

"अजून शिजली नाहीत! निम्मी कच्ची आहेत!"

"तर मग चांगलंच," म्हातारी म्हणाली. "जाऊन विस्तव मागावा लागेल."

*

म्लादेनची जर्मन मोटर सिमेंटात पक्की बसवली होती, ती काही निघेना. शेवटी कोकरं नुसत्या सळयांसकट ट्रकवर चढवली. चढवताना एक कोकरू म्लादेनच्या कडेवर आलं आणि त्याचा पांढरा शर्ट पार चरबीत न्हाला. निवेस इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. शिमूनही हसणार होता, पण त्याने स्वतःला आवरलं. झोर्काने ते बघितलं आणि तिला जरा धीर आला.

नोना पुढे बसली, ड्रायव्हरच्या शेजारी. गाडी झोर्का चालवत होती. मागे शिमून, म्लादेन, निवेस आणि फादर, कोकरं धरून. उतारावर ट्रक हेलकावला की फादर देवाचं नाव घ्यायचा आणि पाव छातीशी धरायचा.

शेडच्या दारात ट्रक थांबला तसं गाणं थांबलं.

या शेडमध्ये झोर्का रांगायला शिकली होती. लांबच लांब पत्र्याची शेड, आढ्याला जाळी टांगलेली, खाली जाळ्यांचे डोंगर, आणि डांबराचा, मिठाचा, जुन्या दोरांचा तो वास. मध्ये फळ्या टाकून टेबलं केली होती. सगळे होते. बोटींवरचे, यार्डातले, पाणबुडे, त्यांच्या बायका, पोरं. दाराशी तारल्या भाजत होत्या. आणि त्याच्या शेजारी दुसरा निखारा फुललेला, त्यावर केव्हची जुनी सळई ठेवलेली, दांड्याला हाताने फिरवायची मूठ, आणि सळईवर काही नाही. रिकामी. केव्हने सवयीने ती आणली होती आणि सवयीनेच निखाराही केला होता. कोकरू विदुलिनांकडचं असतं, ते यंदा नव्हतं, पण म्हणून निखारा करायचा नाही हे त्याला सुचलंच नसावं.

झोर्काने इंजिन बंद केलं.

तोंची पुढे आला. बुटका, रुंद, बोटं डांबराने काळी. त्याने बहिणीकडे बघितलं नाही. ट्रकवर उभ्या शिमूनकडे बघितलं.

"काय मेव्हण्या, वाट चुकलास?"

"कोकरं आणलीत," शिमून म्हणाला.

"आम्ही मागवली नव्हती."

"मागवल्यावर कोण आणतं?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. तोंचीने वळून बघितलं तसं गप्प झालं. त्याने ट्रकजवळ येऊन एका कोकराच्या मांडीत बोट खुपसलं. "कच्चं आहे."

"निम्मं कच्चं. विस्तव लागेल."

"तुमच्याकडे तर मोटर आहे म्हणे. बटणाची."

"ती सिमेंटात बसवलीय."

"मग सळई कोण फिरवणार?" केव्हने मागून विचारलं.

शिमून ट्रकवरून खाली उतरला. अंगातला कोट काढून त्याने झोर्काकडे टाकला. "मी."

एवढ्यात पुढच्या खिडकीतून काठी बाहेर आली आणि दरवाजावर दणादणा आपटली. "वाढदिवस माझा आहे की कोकराचा? कुणीतरी मला खाली उतरवा, की मी इथेच शंभरीची होऊ?"

मग मात्र शेडला दम धरवेना. बायका धावल्या, पोरं धावली. नोनाला खुर्चीसकट उचललं आणि टेबलाच्या डोक्याशी नेऊन ठेवलं. कुणी तिच्या हातात राकिया दारूचा पेला दिला, कुणी फ्रितुल्यांची परात पुढे केली. गोल तळलेले गोळे, वर साखर. म्हातारीने एक तोंडात टाकला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "लिंबू कमी पडलंय. कुणी केलेत?" आणि करणारी बाई खूश झाली, कारण नोनाने नाव ठेवलं म्हणजे पदार्थ जमला.

शिमून पालथ्या क्रेटवर बसला आणि सळई फिरवायला लागला. कुई. कुई. केव्हच्या सळईवर चढवलेलं मोठं कोकरू निखाऱ्यावर फिरायला लागलं. आता त्याला उठता येणार नव्हतं. फिरवणारा उठला की कोकरू एका अंगाने करपतं, हे सगळ्या खाडीला ठाऊक होतं. तोंचीने हे बरोबर हेरलं. त्याने दुसरा क्रेट ओढला आणि मेव्हण्यासमोर ठाण मांडून बसला.

"आता बोल. गेल्या हंगामाचं बोल."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"मग फोनवर बोलू?"

झोर्का जवळच जाळ्याच्या ढिगावर बसली होती, मांडीवर नवऱ्याचा कोट. तिने तो घट्ट धरला.

"माझं जाळं का ठेवलंस?" शिमूनने विचारलं. सळई फिरवता फिरवता त्याचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. "माझी बोट उभी होती, तोंची. तुला दिसत होती इथून."

"दिसत होती. तुझी एक बोट उभी होती. स्टॅव्ह्रोकडे जाळंच एक आहे. ते फाटलं की त्याचं सगळं उभं. तो आठवडाभर बसला असता तर तुझ्या पिंजऱ्यातल्या माशांना काय घातलं असतंस? फ्रितुले?"

स्टॅव्ह्रो तारल्या उलटत होता. त्याने चिमटा वर करून सांगितलं, "लिंबू कमी आहे, खाणार नाहीत."

शिमूनला हसू आलं, पण तो अजून सोडत नव्हता. "मला सांगायचं होतंस हे."

"तू विचारायला आलास कुठे? तुझ्या ऑफिसातल्या पोरीने फोन केला. 'मिस्टर विदुलिन विचारतात किती वेळ लागेल.' मिस्टर विदुलिन! तू माझ्या पोराचा धर्मबाप आहेस, शिमून. तुझा बाप दर सकाळी या दारात येऊन उभा राहायचा. काय अडलंय, कुणाचं अडलंय, सगळं विचारायचा. कधीकधी आम्हाला त्याचा वैताग यायचा. पण खाडीत कुणाचं काय मोडलंय हे त्याला आमच्याआधी माहीत असायचं."

"बाबा, तेच तर मी म्हणत होते," निवेस म्हणाली. "मोठ्या कंपनीचं काम..."

"तू गप्प बस, तारल्या खा," शिमून म्हणाला. मग सळईकडे बघत, "मोठ्या कंपनीचं काम काय?"

"सगळ्यांचं चाललंय ना, हे बघायचं. तेवढं बघितलं की आपलं चालतं. आणि जो येऊन विचारतो, त्याला लोक खरं सांगतात."

शिमूनने मान वर केली. शेडमध्ये कुणी उघड बघत नव्हतं, पण सगळ्यांचे कान तिथेच होते. "बरं," तो म्हणाला. "मी काही कुठे पळत नाही, बसवलंयच तुम्ही मला इथे. विचारतो. कुणाचं काय अडलंय?"

सगळे एकदमच बोलायला लागले.

स्टॅव्ह्रो म्हणाला, हंगामाआधी तारल्या किती लागणार हे कुणीतरी सांगा, मी काय स्वप्नात बघू? केव्ह म्हणाला, सगळ्यांना बोट रंगवायला नोव्हेंबरच कसा सुचतो? तुझ्या बोटी जुलैत आण, माझी माणसं तेव्हा माशा मारतात, आणि छोट्यांना नोव्हेंबर सोड. पाणबुड्यांच्या म्होरक्याने मासे चोरणाऱ्या सीलचं सांगितलं, ती पिंजरे कुठून फोडतात ते आम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही जाळं मागवता त्याआधी आम्हाला कुणी विचारत नाही. शिमून ऐकत होता, मध्येच "ते नाही जमायचं" म्हणत होता, मध्येच "अरे, हे आधी का नाही सांगितलंस" म्हणत होता. एकदोनदा भांडणही झालं. केव्हने त्याला कंजूस म्हटलं, त्याने केव्हला आळशी म्हटलं, आणि दोघांनी एकाच पेल्यातून राकिया घेतली. सळई कुईकुई करत होती, आणि त्या कुईकुईवर पलीकडे म्हाताऱ्यांनी परत गाणं धरलं. फादर जोबीला शब्द कळत नव्हते, पण तो खालचा सूर धरून बसला होता, आणि अजून पाव सोडला नव्हता.

तोंची मात्र काही मागत नव्हता. तो गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसला होता. झोर्का त्याच्या मानेकडे बघत होती. त्यांचे वडील असेच बसायचे, कुणी बोट बुडाल्याची बातमी आणली की.

"आणि नवी शेड?" शेवटी त्याने विचारलं. झोर्काचा अंदाज खरा होता, त्याने सगळं ओळखलं होतं.

पलीकडे गाणं चालूच होतं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला आणि चर्र झालं. शिमूनने सळईचा एक वेढा घेतला, मग दुसरा. झोर्काला वाटलं आता हा म्हणेल बघू, आणि बघू म्हणाला की संपलं.

"नवी शेड होणार नाही," शिमून म्हणाला. "म्लादेन?"

म्लादेन कधीचा तिथे नव्हता. शेडच्या मागे जाळं ओढायची जुनी चरकी होती, चार माणसांनी रेटायची. तो तिच्याखाली आडवा शिरला होता, नुसते बूट बाहेर. "काय?"

"म्हटलं, आपली नवी शेड राहू दे."

"हो, हो, ठरवा तुम्ही," चरकीखालून आवाज आला. "तोंची, हिला मोटर का बसवली नाहीस रे? माझ्याकडे वर एक पडूनच आहे. जर्मन! कुणीतरी पाना द्या इकडे."

आता मात्र तोंची हसला. मोठ्याने नाही, नुसते खांदे हलले. मग तो उठला, आणि पहिल्यांदाच बहिणीकडे वळला. "कॉफी गार होते दर रविवारी," तो म्हणाला. "तुझ्या नावाचा कप मी ओतून देतो."

"पुढच्या रविवारी येते," झोर्का म्हणाली. डोळे पुसायला काही नव्हतं, तिने नवऱ्याच्या कोटालाच पुसले.

"एक मात्र," शिमून मागून म्हणाला. "माझं जाळं अडलं की तू वर येऊन सांगायचंस. तोंडाने."

"आणि तू खाली यायचंस."

"येईन."

"रोज नको. तुझ्या बापासारखा रोज नको येऊस, कामं होत नाहीत." तोंचीने त्याच्या हाताकडे बघितलं. कोट घालून फिरणाऱ्याचा हात तो, फिरवण्याने लाल झाला होता, अंगठ्याशी फोड उठला होता. "दुखतोय?"

"नाही."

"खोटं बोलू नको. सरक."

"मी करतो म्हटलं ना!"

"करपवतोस एका बाजूने. सरक, मेव्हण्या."

शिमून सरकला. क्रेट एका माणसाचा होता. दोघे त्यावर कसेबसे मावले, अर्धे अर्धे बाहेर लोंबत, आणि एकाने फिरवायचं, दुसऱ्याने रोझमेरीच्या डहाळीने तेल लावायचं, असं ते बसले. कोकरू हळूहळू सगळीकडून सारखं तांबूस व्हायला लागलं. नोनाने टेबलाच्या डोक्यावरून काठी आपटून विचारलं, अजून किती वेळ, मी म्हातारी बाई आहे. आणि दोघेही एकाच वेळी, मान न वळवता ओरडले, "होतंय!"